पेशवाईच्या अखेरीला पुण्यात आजारी पडणं

१८१८ साली शनिवार पेठेत एखाद्याला ताप भरला, की वैद्यबुवा येऊन नाडी बघत, जीभ बघत, पोट साफ झालं का ते विचारत. खडकीच्या छावणीत कंपनी सरकारचा डॉक्टर आपल्या गोऱ्या शिपायाच्या उशाशी बसून हेच तीन उद्योग करत असे. थर्मामीटर दोघांकडेही नव्हता. रोग्याला लावून पाच मिनिटांत ताप मोजता येईल असा छोटा थर्मामीटर निघायला अजून जवळपास पन्नास वर्षं होती. छातीतले आवाज ऐकायची नळी पॅरिसमध्ये रने लाएनेक या डॉक्टरने १८१६ साली कागदाची सुरळी करून नुकती शोधली होती. रक्तदाब मोजणं नव्हतं, रक्त तपासणं नव्हतं आणि साथीचा रोग जंतूंमुळे होतो हे जगात कुठेच सिद्ध झालेलं नव्हतं.

हे आधी सांगतो, कारण आयुर्वेद श्रेष्ठ की ॲलोपॅथी हे आजचं भांडण आपण उचलतो आणि जसंच्या तसं दोनशे वर्षं मागे नेऊन ठेवतो. एक बाजू म्हणते, आपल्याकडे सगळं होतं, इंग्रजांनी बुडवलं. दुसरी म्हणते, इंग्रज आले म्हणून वाचलो. त्या काळातली औषधं, शस्त्रक्रिया आणि साथी एकेक करून पाहिल्या की दोन्ही बाजू लंगड्या पडतात. शरीराच्या आत काय चालतं याबद्दल वैद्य आणि डॉक्टर तेव्हा जवळपास सारखेच अंधारात होते. हातांना मात्र पुष्कळ काही येत होतं, इथेही आणि तिथेही. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत जी दरी पडली ती केलेलं काम लिहून ठेवणं, रोगी मोजणं आणि ते छापून परक्या माणसाच्या हाती देणं यातून पडली, असं माझं मत आहे. ते का, हे सांगायचा हा प्रयत्न.

पुण्यात तेव्हा डॉक्टर म्हणजे संगमावरच्या रेसिडेन्सीतला किंवा पलटणीतला. पेठेतल्या माणसाची त्याच्याशी गाठ क्वचितच पडायची. पेठेत होते ते घराण्याने वैद्यकी चालवणारे वैद्य. वडिलांच्या किंवा गुरूच्या हाताखाली काढे उकळत, खल घोटत शिकायचं, वाग्भटाचं अष्टांगहृदय आणि माधवनिदान पाठ करायचं, ही त्यांची शाळा. जुन्नरच्या लोलिंबराजाचं वैद्यजीवन इकडे विशेष चालायचं. त्यात औषधांचे योग प्रिय पत्नीला सांगितल्यासारखे रसाळ श्लोकांत बांधलेले आहेत, त्यामुळे ते जिभेवर सहज बसत. सरदारांच्या वाड्यांत आणि लष्करात हकीमही असत. वैद्यांना इनामं आणि नेमणुका दिल्याच्या नोंदी पेशव्यांच्या दप्तरात सापडतात.

पण आजारपणातलं अर्ध्याहून अधिक काम या ग्रंथवाल्यांच्या हातात नव्हतंच. बाळंतपण सुईणीकडे. गळू फोडणं, तुंबडी लावणं, जळवा लावणं न्हाव्याकडे. मोडलेलं हाड हाडवैद्याकडे. झाडपाला, मुळ्या, साप-विंचवावरचे उतारे झोळी घेऊन फिरणाऱ्या वैदूंकडे. पोटात किंवा सांध्यात दुखलं की लोखंडाची तापवलेली सळई घेऊन डाग देणारा कुणीतरी प्रत्येक गावात असे. आणि या सगळ्यांच्या आधी, बरोबर किंवा नंतर देवऋषी आणि त्याचा अंगारा. सुश्रुताच्या ग्रंथात शस्त्रक्रिया हे वैद्याचं काम आहे. प्रत्यक्षात अठराव्या शतकापर्यंत चाकू-सुरी वैद्याच्या हातून निसटून हातकाम करणाऱ्या जातींकडे गेली होती. याला केवळ आपली जातव्यवस्था जबाबदार आहे असं वाटत असेल तर लंडनकडे पाहा. तिथे नाडी बघून औषध लिहून देणारा फिजिशियन वेगळा, कापाकापी करणारा सर्जन वेगळा, औषधं विकणारा आणखी वेगळा, आणि मान त्याच उतरत्या क्रमाने. सर्जन आणि न्हावी यांची तिथे एकच संघटना होती. ती १७४५ साली फुटली. आपल्याकडे मात्र या विभागणीवर जन्माचं कुलूप होतं, आणि ते जास्त घातक ठरलं. सर्जनचा मुलगा फिजिशियन होऊ शकत होता, न्हाव्याच्या मुलाला वैद्यकाचा संस्कृत ग्रंथ कोणी शिकवत नव्हतं.

आता उपचारामागचा विचार. आयुर्वेदात वात, पित्त, कफ हे तीन दोष. ते आपापल्या प्रमाणात असले की माणूस निरोगी, एखादा वाढला किंवा बिघडला की रोग. युनानी हकीम रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त अशा चार रसांचा हिशेब मांडत. युरोपातला डॉक्टरही ग्रीकांपासून चालत आलेला हाच चार रसांचा हिशेब शिकत आला होता. १८०० च्या सुमाराला तो जुना सिद्धांत पुस्तकातून मागे पडत होता, पण त्यावर उभे असलेले उपचार जागच्या जागी होते: वांती करवणं, जुलाब देणं, घाम काढणं, रक्त काढणं. आपल्या पंचकर्मातही वमन आहे, विरेचन आहे, रक्तमोक्षण आहे. तपशील आणि प्रमाण वेगळं, दिशा एकच. आत काहीतरी साचलंय किंवा वाढलंय, ते बाहेर काढा.

रक्त काढण्याचा हव्यास युरोपात फार पुढे गेला होता. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन डिसेंबर १७९९ मध्ये घशाच्या आजाराने गेले. त्या एका दिवसात त्यांचं रक्त चार वेळा काढलं गेलं आणि अंगातलं एक तृतीयांशाहून जास्त रक्त गेलं असावं, असा आजचा अंदाज आहे. फ्रान्सने १८३३ या एका वर्षात चार कोटींहून अधिक जळवा परदेशातून आणवल्या. आपल्याकडे सुश्रुताने जळवांचे बारा प्रकार सांगितले, सहा विषारी आणि सहा बिनविषारी, आणि त्या कधी लावायच्या नाहीत तेही सांगितलं. एकूणात वैद्याचा हात इथे डॉक्टरपेक्षा बराच हलका होता, आणि त्या काळात हलका हात रोग्याच्या पथ्यावर पडत असे.

मग शहाणीसुरती माणसं शतकानुशतकं रक्त का काढत राहिली? कारण परिणाम डोळ्यांना दिसायचा. तापाने लाल झालेल्या माणसाची शीर तोडली की चेहरा उतरतो, घाम फुटतो, धडधड कमी होते, तो निपचित पडतो. रोग उतरला असं वाटतं. खरं तर रक्तदाब कोसळलेला असतो. दुसरं असं की बहुतेक ताप, खोकले, हगवणी आपोआप बऱ्या होतात. त्या आठवड्यात जे काही दिलं असेल, काढा असो, जळू असो, अंगारा असो, श्रेय त्याला मिळतं. जो मेला त्याचं आयुष्य संपलं होतं, जो जगला त्याला गुण आला. एकेक रोगी बघून हा गुंता सुटत नाही, मग बघणारा कितीही हुशार असो. तो सोडवायचा रस्ता पॅरिसच्या प्येर लुई या डॉक्टरने धरला. त्याने न्यूमोनियाच्या रोग्यांत ज्यांचं रक्त आजाराच्या सुरुवातीला काढलं आणि ज्यांचं उशिरा काढलं असे गट पाडले, किती जगले, किती दिवसांत उठले ते मोजलं, आणि १८३५ साली पुस्तक काढलं. रक्त काढण्याचा लाभ लोक समजत होते त्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. वैद्यकाच्या इतिहासात मला हे पुस्तक एखाद्या मोठ्या औषधाइतकं मोलाचं वाटतं.

पाऱ्याची गोष्टही अशीच आहे. कंपनीच्या डॉक्टरची लाडकी पूड म्हणजे कॅलोमेल, पारा आणि क्लोरीन यांचा पांढरा क्षार. ताप, आव, यकृताची सूज, गर्मी (म्हणजे सिफिलिस), सगळ्यावर तीच. ती पोटात गेली की तोंडाला लाळ सुटायची, हिरड्या सुजायच्या, दात हलायचे. ही विषबाधेची लक्षणं. पण डॉक्टर लाळ सुटेपर्यंत मात्रा वाढवत, कारण लाळ सुटली म्हणजे औषध लागू पडलं असा समज. आपल्या रसवैद्यांकडे पारा आणि गंधक खलून केलेली कज्जली, चंद्रोदय, आणि शेवटच्या घटकेला मधात उगाळून चाटवायची हेमगर्भाची मात्रा होती. पाऱ्यावर आधी शोधनाचे संस्कार करायचे, मात्रा गुंजेच्या हिशेबात द्यायची, असा वैद्यांचा दंडक. त्यामुळे इजा कमी होत असेल, पण पारा तो पाराच. दोन्हीकडे या धातूवर जो विश्वास होता तो आज वाचताना अंगावर काटा येतो.

आता पुण्याचं खरं वैभव. १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक माणूस टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. त्याचं नाव कावसजी असं छापलेलं आहे. नाव पारशी वाटतं, पण त्याच मजकुरात तो मराठा शेतकरी असल्याचं म्हटलं आहे. वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा हिंडला आणि मग पुण्याजवळ एका विटा पाडणाऱ्याने, म्हणजे बहुधा कुंभाराने, त्याला नवं नाक बसवून दिलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. तिचं वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये, खाली फक्त 'बी. एल.' अशी सही असलेल्या पत्रातून छापून आलं.

कृती अशी. मेणाचा पातळ पत्रा घेऊन नाकाच्या थोटकावर बसवायचा आणि त्याला चांगल्या नाकाचा आकार द्यायचा. तोच पत्रा काढून सपाट करायचा, कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ मारायची. म्हणजे नाकाला किती कातडी लागेल याचं माप कपाळावर आलं. मग त्या रेघेवरून कातडी सोलून मोकळी करायची, पण दोन भुवयांच्या मधली एक अरुंद पट्टी मुळीच कापायची नाही. नाकाच्या जुन्या जखमेचा व्रण तासून कडा पुन्हा ओल्या करायच्या, नाकपुड्यांच्या बाजूंनी आणि वरच्या ओठावरून एक चीर द्यायची, कपाळाची कातडी अर्ध्या वळशाने फिरवून खाली आणायची आणि तिच्या कडा त्या चिरेत बसवायच्या. टाक्यांचा उल्लेख नाही. काथ पाण्यात कालवून तो कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवून सांधा चिकटवायचा. चार दिवस त्याला हात लावायचा नाही. नंतर ते काढून तुपात भिजवलेलं कापड. रोग्याने पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, म्हणजे भोकं बुजणार नाहीत. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमाराला भुवयांमधली ती राखलेली पट्टी कापून नाक नीटनेटकं करायचं.

सगळी किमया त्या पट्टीत आहे. कातडी जिवंत राहायला रक्त लागतं. पूर्ण तोडलेला एवढा मोठा तुकडा नुसता चिकटवला तर तो काळा पडून सडतो. भुवयांमधून वर कपाळाकडे रक्तवाहिन्या जातात; पट्टी राखली की त्या वाहिन्यांतून नव्या नाकाला रक्त मिळत राहतं, तोवर खालच्या ओल्या कडांमधून नव्या बारीक वाहिन्या आत शिरतात. आंब्याचं भेटकलम करताना फांदी आधी झाडावरच ठेवतात आणि रोपाशी सांधा जुळला की मगच मूळ झाडापासून तोडतात, तेच हे. काथाचाही विचार करा. काथात टॅनिन असतं, ते ओल्या जखमेवरचा स्राव आटवतं आणि वाळल्यावर घट्ट बसतं. विटा पाडणाऱ्या त्या माणसाला रक्ताभिसरण हा शब्द माहीत असायचं कारण नव्हतं. पट्टी कापली की नाक मरतं आणि पंचवीस दिवस थांबलं की जगतं, हे मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट. सुश्रुताने नाकासाठी गालाची कातडी सांगितली आहे. हा माणूस कपाळाची घेत होता. म्हणजे ग्रंथातली कृती तो गिरवत नव्हता. मधल्या शतकांत कुठेतरी कुणीतरी बदल केला, तो सरस ठरला आणि हातातून हातात उतरत आला. हे सारं भूल न देता, कारण ईथर आणि क्लोरोफॉर्म १८४६-४७ चे.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने ते पत्र वाचलं, मुडद्यांवर सराव केला आणि १८१४-१५ मध्ये दोन जिवंत माणसांवर ही शस्त्रक्रिया केली. दुसऱ्याचं नाक लढाईत तलवारीने गेलं होतं. पहिल्याचं गेलं होतं ते यकृताच्या आजारावर डॉक्टरांनी चारलेल्या पाऱ्याने. पाऱ्याने घालवलेलं नाक पुण्याच्या रीतीने परत आलं. १८१६ मध्ये कार्प्यूचं पुस्तक निघालं, ते जर्मनीत पोचलं, आणि १८१८ मध्ये, इकडे पेशवाई संपली त्याच वर्षी, बर्लिनच्या ग्रेफे या सर्जनने नाक घडवण्याच्या शस्त्रक्रियेवर आपलं पुस्तक काढलं. आजही कर्करोगात नाक गेलेल्या रोग्याला कपाळाच्या कातडीचं नाक याच तत्त्वावर बसवतात.

या गोष्टीत रोग्याचं नाव आहे. त्याचं चित्र काढणाऱ्याचं नाव आहे: जेम्स वेल्स, पुण्याच्या दरबारात राहून सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढणारा तोच. वाचणाऱ्या सर्जनचं नाव आहे. ज्याने नाक बसवलं त्याचं नाव कुणीच लिहून ठेवलं नाही. इंग्रजांनी नाही आणि आपणही नाही. हेच कौशल्य त्याच शहरात एखाद्या वैद्याने पाहिलं, लिहिलं आणि शिष्यांना शिकवलं, असा कागद माझ्या पाहण्यात नाही. पुण्यातल्या शास्त्र्यांचा आणि पुण्याच्या वेशीबाहेरच्या त्या माणसाचा संबंधच येत नव्हता. मला यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त सलते.

देवीच्या रोगाच्या बाबतीत लिहून पसरवण्याची ताकद आणखी स्पष्ट दिसते. देवी तेव्हा घरोघर येत. आल्या की घरात फोडणी बंद, दाराला कडुलिंबाचा डहाळा, रोग्याला थंड खाणं, शीतलादेवीला नवस. औषध कुणाकडेच नव्हतं, डॉक्टरकडेही नाही. वाचला तर तोंडावर व्रण, कित्येकांचे डोळे जात. इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर या खेड्यातल्या डॉक्टरने गवळणींमध्ये बोललं जाणारं ऐकलं होतं, की गाईच्या देवीचा फोड हाताला येऊन गेला की माणसाच्या देवी येत नाहीत. १७९६ मध्ये त्याने ते एका मुलावर करून पाहिलं आणि १७९८ मध्ये छापलं. गाईचा रोग सौम्य. पण शरीर त्याच्याशी लढायला शिकलं की त्याच्या भाऊबंद असलेल्या खऱ्या देवीशीही लढू शकतं. हे कसं घडतं ते जेन्नरलाही सांगता येत नव्हतं. फक्त घडतं, एवढं त्याने दाखवून दिलं.

ही लस भारतात आणायची कशी? बर्फ नाही, बाटलीत ती टिकत नाही, उन्हात मरते. उपाय एकच: माणसांची साखळी. एका मुलाला टोचायचं, आठव्या दिवशी फोड भरला की त्यातली लस काढून दुसऱ्याच्या दंडावर, त्याच्याकडून तिसऱ्याच्या. अशी ती बगदाद, बसरा करत जहाजाने मुंबईला आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचलेली लस लागू पडली. भारतात लागू पडलेली ही पहिली लस. तिथून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी पसरली. साखळी एका ठिकाणी तुटली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. कडक उन्हाळ्यात ती वरचेवर तुटायची.

लोकांचा विरोध झाला तो नुसत्या अडाणीपणाने, असं म्हणणं अन्यायाचं आहे. परक्या मुलाच्या फोडातलं पाणी आपल्या लेकराच्या रक्तात घालायचं, त्या मुलाची जात माहीत नाही, त्याच्या अंगात दुसरा कोणता रोग आहे माहीत नाही. जातीची भीती निराधार होती, रोगाची नव्हती. दंडावरून दंडावर लस देताना गर्मीसारखा रोगही जाऊ शकतो हे पुढे युरोपातच दिसून आलं. शिवाय लस घेणारी मुलं आठ दिवसांनी पुन्हा आणून दाखवायची आणि त्यांच्याकडून पुढच्यांसाठी लस काढू द्यायची, हे आयांना मुळीच मान्य नव्हतं. तरीही देवीडॉक्टर गावोगाव फिरत राहिला, आणि त्याच्याकडे वही होती: गाव, मूल, टोचल्याची तारीख, फोड आला की नाही.

आणि मग १८१८ चा पावसाळा. त्याच्या आदल्या वर्षी बंगालच्या जेसोरमध्ये पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, उद्रेक झाला होता. नोव्हेंबर १८१७ मध्ये बुंदेलखंडात तळ देऊन बसलेल्या इंग्रजी फौजेत तिने हाहाकार केला. पेंढारी आणि मराठे यांच्याविरुद्ध निघालेल्या याच फौजा, त्यांचे बाजारबुणगे, बैलांचे तांडे आणि सैरावैरा झालेली माणसं यांच्याबरोबर रोग दक्षिणेला सरकत आला. जूनमध्ये बाजीराव शरण गेला. त्या पावसाळ्यात पटकी दख्खनभर फिरली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत पोचली. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी डोळे खोल गेलेला, बोटांची कातडी सुरकुतलेली, आवाज बसलेला, असा होऊन मरायचा.

पटकीचा जंतू आतड्यात एक विष सोडतो. त्याने आतड्याच्या पेशींतून पाणी आणि मीठ धो धो बाहेर पडतं, तांदळाच्या पेजेसारखे जुलाब होतात. माणूस मरतो तो विषाने नव्हे, पाणी आणि मीठ संपल्याने. म्हणजे उपाय एकच, गेलेलं पाणी-मीठ परत भरणं. डॉक्टर काय करत होते? शीर तोडत होते, कॅलोमेल आणि अफूचा अर्क देत होते, आणि पुष्कळदा पाणी पिऊ देत नव्हते. ज्याच्या अंगात आधीच रक्त दाटून काकवीसारखं झालंय त्याचं रक्त काढायला गेलं तर ते निघतही नसे. वैद्यांकडे सुंठ, मिरी, हिंग, अफू आणि लंघन होतं. यातल्या अफूने जुलाब थोडे थांबत, वेदना कमी होत. बाकी रोगी वाचला तर आपल्या ताकदीने. गावाने मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडला, डॉक्टरने दूषित हवेला दोष दिला. कात्रजच्या तलावातून नळाने आणलेल्या पाण्याचे हौद पुण्यात पेठोपेठी होते, नानासाहेब पेशव्यांच्या काळापासूनचे. पण रोग पाण्यातून येतो अशी शंका जगात अजून कुणी नीट मांडलेली नव्हती. ते जॉन स्नो याने लंडनमध्ये घरोघर मयत मोजून, नकाशावर टिपून दाखवलं, तेव्हा १८५४ साल उजाडलं होतं. १८३२ मध्ये टॉमस लॅटा या स्कॉटिश डॉक्टरने मिठाचं पाणी शिरेतून देऊन मरणाच्या दारातले काही रोगी परत आणले होते. उत्तर हातात आलं होतं. वैद्यकाने ते कित्येक दशकं बाजूला टाकलं.

या साथीत वैद्य हरला आणि डॉक्टर जिंकला असं काही झालं नाही. दोघेही सपशेल हरले. फरक एवढाच की मुंबई सरकारच्या मेडिकल बोर्डाने जिल्ह्याजिल्ह्यातल्या डॉक्टरांची पत्रं मागवली आणि १८१९ मध्ये ती छापून टाकली. चुकीचे उपचार, चुकीची कारणं, सगळं छापलं. पण ते छापल्यामुळे पुढच्या माणसाला चूक सापडू शकली. पुण्याच्या वैद्यांनी त्या साथीत काय पाहिलं, काय देऊन पाहिलं, कशाने थोडा तरी उतार पडला, ते त्यांच्याबरोबर गेलं.

नवं सरकार आल्यावर पुण्यातलं वैद्यक लगेच पुसलं गेलं असंही नाही. पेशवे ब्राह्मणांना देत त्या दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज निघालं. त्यात वेद, न्याय, व्याकरण, ज्योतिष यांच्याबरोबर वैद्यकही शिकवलं जाई, ग्रंथांवरून. मुंबईत १८२६ मध्ये देशी मुलांसाठी डॉक्टर मॅक्लेनन यांच्या हाताखाली वैद्यकशाळा निघाली, तीत देशी भाषांतून शिकवायची धडपड झाली आणि १८३२ मध्ये ती बंद पडली. मराठीतून शरीरशास्त्र शिकवण्याचा तो प्रयत्न टिकला असता तर आपल्याकडच्या हातकामाची आणि ग्रंथांची गाठ पडायला एक जागा मिळाली असती. पुढे १८४५ ला ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं ते इंग्रजीतून. प्रेत फाडून पाहणं हा आपल्याकडचा मोठा अडसर, असं म्हणतात. सुश्रुताने प्रेत पाण्यात कुजवून एकेक थर सुटा करत पाहायला सांगितलं होतं, पण ती रीत केव्हाच मागे पडली होती. कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी १८३६ मध्ये शवविच्छेदन केलं. इंग्लंडची परिस्थितीही काही उजळ नव्हती: तिथे कबरी उकरून मुडदे विकले जात, आणि ते थांबवायला कायदा व्हायला १८३२ साल लागलं.

या दोन ज्ञानांची गाठ पुण्याजवळ एका ठिकाणी मात्र पडली, आणि ती फारशी कुणाला माहीत नाही. दापोडीला १८२८ मध्ये गव्हर्नर माल्कमच्या वेळी सरकारी बाग निघाली. १८३८ पासून ती अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होती. गिब्सन पेशाने सर्जन, त्याआधी दख्खन-खानदेशात लस टोचण्याच्या कामावर देखरेख करणारे, म्हणजे गावं पायाखाली घातलेला माणूस. परदेशातून महाग औषधं आणवण्याऐवजी इथेच ती पिकवायची म्हणून त्यांनी दापोडीत आणि जुन्नरजवळ हिवऱ्याच्या बागेत औषधी झाडं लावली: सोनामुखी, खुरासनी ओवा आणि अशी कितीतरी. यातली बरीचशी वैद्यांच्या आणि हकिमांच्या रोजच्या वापरातली. सोनामुखी पोट साफ करायला, खुरासनी ओवा गुंगी आणायला आणि पोटातला मुरडा थांबवायला, हे पेठेतल्या कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात माहीत होतं. बागेतून ती पाला आणि अर्क होऊन सरकारी औषधभांडारात जात आणि तिथून इलाख्यातल्या दवाखान्यांत. झाडांची चित्रं काढायला एक चित्रकार ठेवला होता; ती चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत.